आमच्या दारानं काय सांगितलं

चेन्नईला गेलो तेव्हा मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. आता येतं, फाडफाड वाचते, आणि खरं सांगू का, त्यात थोडं नुकसानच झालं. अक्षर न येणाऱ्या माणसाला शहर जसं दिसतं तसं ते नंतर पुन्हा दिसत नाही. पाटीवर काय लिहिलंय ते कळत नाही म्हटल्यावर डोळे पाटीवरून घसरतात आणि बाकी सगळीकडे फिरायला लागतात: दाराला काय बांधलंय, भिंतीला कुठला रंग फासलाय, रस्त्यावर काय सांडलंय. साताऱ्यात दहा वर्षं ज्या रस्त्यानं शाळेत गेले, त्या रस्त्यावरच्या एका भिंतीचा रंग विचाराल तर मला सांगता यायचा नाही. वेलचेरीतल्या आमच्या गल्लीतल्या भिंती मात्र डोळे मिटून ओळीनं सांगेन.

बाबांना इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नोकरी लागली होती. गाड्यांचे सुटे भाग बनायचे तिथे. कंपनीची बस सकाळी पावणेसातला त्यांना कोपऱ्यावरून उचलायची आणि संध्याकाळी सात वाजता तिथेच टाकायची. मधले बारा तास घरात आई आणि मी, आणि माझी दहावी. वेलचेरीत तेव्हा जिथे तिथे इमारती उठत होत्या. आमची तीन मजली होती, आठ बिऱ्हाडांची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. गच्चीवर गेलं की उंचावरून धावणाऱ्या रेल्वेचे खांब दिसायचे. खांब तयार होते, स्टेशनाचा अवाढव्य सांगाडा तयार होता, गाडीचा पत्ता नव्हता. एवढं मोठं स्टेशन कुणासाठी बांधतायत, असा प्रश्न मला रोज पडायचा, आणि रोज त्याला नवं उत्तर मी स्वतःच द्यायचे.

उत्तरं स्वतःच द्यायची सवय, हीच तर खोड. बांधकामावर दृष्ट लागू नये म्हणून टांगलेला राक्षसाचा मुखवटा पाहिला, बटबटीत डोळे, लोंबती जीभ, झुपकेदार मिशा, तर मी म्हटलं की हा मुकादमाचा फोटो असणार. एका लांबलचक भिंतीवर फरशा बसवल्या होत्या आणि त्यांवर ओळीनं देव: मुरुगन, येशू, मक्केची मशीद, लक्ष्मी, पुन्हा येशू. काय भाविक भिंत आहे, असं मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा आमच्याकडे भांडी घासायला येणारी सेल्वी हातातली कढई खाली ठेवून हसली. ती आधी एका उत्तरेकडच्या बिऱ्हाडात कामाला होती, त्यामुळे तिला मोडकं हिंदी यायचं. पण हे तिनं हिंदीत सांगितलं नाही, करूनच दाखवलं: एक माणूस येतो, इकडे तिकडे बघतो, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, आणि वर बघतो तर समोर मुरुगन! माणूस पळतो. तिन्ही धर्मांचे देव तिथे लघवी थांबवायला बसवले होते. आई म्हणाली, "शी, काय बाई तरी!" आणि पदर तोंडाला लावून तीही हसली. आईला हसलेलं बघायचा तो त्या महिन्यातला एकच प्रसंग असेल.

मग ते फलक. चौकात माझ्याच वयाची एक मुलगी पंधरा फूट उंच उभी होती, जरीचं परकर-पोलकं, कपाळावर बिंदी, सिंहासनासारखी खुर्ची, बाजूला नातेवाइकांचे गोल गोल फोटो. मला वाटलं बोर्डात पहिली आली असेल. आठवडाभर तिच्याकडे बघून मी भूमिती जास्त केली. नंतर सेल्वीनं सांगितलं की ती वयात आली म्हणून घरच्यांनी गावजेवण घातलं आणि फलक लावला. मी कानापर्यंत लाल झाले. साताऱ्यात ज्या गोष्टीसाठी आई खोलीचं दार लावून कुजबुजत बोलली होती, ती इथे चौकात उजेड सोडून टांगली होती. एकदा रस्ताभर शेवंतीच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या पसरलेल्या दिसल्या. वरात गेली असणार म्हणून मी मुद्दाम त्यांच्यावरून चालत आले, चपला काढून. सेल्वीनं मला दारातच अडवलं आणि पायावर दोन तांबे पाणी ओतलं. ती अंत्ययात्रेची फुलं होती. हे सगळं मी लक्षात ठेवत गेले. भिंतीवरच्या पट्ट्यांच्या रंगावरून कुठला पक्ष, दारात दोन बाजूंना केळीचे खुंट म्हणजे लग्न, उंबऱ्यासमोर रोजची तांदळाच्या पिठाची रांगोळी काढलेली नसली तर त्या घरात सुतक किंवा श्राद्ध. हल्ली कुठल्याही पाटीसमोर फोन धरला की अर्थ हातात येतो. आम्हाला तो असा पायांवर पाणी घेऊन मिळवावा लागायचा. दहावीच्या परीक्षेपर्यंत माझी पक्की समजूत झाली की आपल्याला हे शहर वाचता येतं.

आईला ते वाचायचंच नव्हतं. साताऱ्यात ती सकाळच्या चहाला एका घरी, दुपारी निवडण-टिपण घेऊन दुसऱ्या घरी आणि संध्याकाळी देवळात तिसरीबरोबर, असं जगत आली होती. इथे प्रत्येक दाराबाहेर आणखी एक लोखंडी जाळीचं दार, आणि सगळं बोलणं त्या जाळीतून. समोरच्या वसंता आंटी जाळीतून हसायच्या, आई जाळीतून हसायची, की झालं. सकाळी सगळ्या घरांतून दळायच्या यंत्रांची घरघर यायची, कॉफीचा वास जिना भरून टाकायचा, आणि आई आपला चहा घेऊन एकटी खिडकीत. "वासावर जगायचं का गं मी?" असं ती एकदा म्हणाली. तिच्या आवाजात विनोद नव्हता.

आता तुम्ही विचाराल, अख्ख्या इमारतीत एकही मराठी माणूस नव्हतं का? होतं ना, आणि तीच तर पंचाईत. तळमजल्यावर सरोजाक्का राहायच्या. तंजावरकडचं मराठी घराणं, नवरा बँकेतून निवृत्त होऊन वारलेला, मुलगा गुम्मिडिपूंडीला कारखान्यात. आम्ही सामान उतरवत होतो त्या पहिल्या दिवशी त्या लगबगीनं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही महाराष्ट्रांतून आलां कीं काय? बहु संतोष जाला!" आणि आई हसली. खळखळून, अगदी निर्मळ मनानं हसली. म्हणाली, "अगं बाई, हे तर नाटकातलं मराठी!" सरोजाक्कांचा चेहरा तिथल्या तिथे मिटला. तीनशे वर्षं ज्यांनी ती भाषा परमुलखात घरातल्या घरात सांभाळली, त्यांना पहिल्या मराठी पाहुणीनं दारात उभं राहून हसावं! त्यानंतर त्या आमच्याशी बोलल्याच तर इंग्रजीत. आईला चूक कळली, पण माफी मागायला ती काही तळमजल्यावर गेली नाही. आईचा स्वभाव मला चांगला माहीत आहे, माझाही तोच आहे.

माझी परीक्षा संपली त्या संध्याकाळी आईनं बाबांना सांगितलं. ओरडून नाही, पोळ्या लाटता लाटता. "मनूची अकरावी कुठे, ते आता ठरवायला हवं. पाडव्याला मी सगळ्या इमारतीला हळदीकुंकवाला बोलावते. एक वर्ष झालं, एका घरात मी चहा प्यायले नाही. त्या दिवशी कुणी आलं, माझ्या घरात टेकलं, तर राहू. नाही आलं, तर मी आणि मनू साताऱ्याला जातो, तुम्ही सुट्टीला येत जा." बाबा पोळी मोडत होते ते थांबले. "दोन घरं करायची?" एवढंच त्यांनी विचारलं. "मग इथं कुठं घर आहे?" आई म्हणाली. त्या रात्री बाबांनी दूधभात घेतला नाही, ते ताटावरून उठून गेले. आणि मला? मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. बाबांना एकटं सोडायचं नव्हतं, आणि ते स्टेशन सुरू झालेलं बघायचं होतं. पण आईचा चेहरा पाहिला की हे बोलायची हिंमत व्हायची नाही.

म्हणून मी पाडव्याच्या तयारीला जीव ओतून लागले. चार दिवस आधी तळ्याच्या कडेच्या वस्तीतून येत होते, तर एका घराच्या दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधलेल्या. पुढे आणखी एका घराला. मी धावत घरी आले. "आई, इथेही पाडवा करतात! आत्तापासूनच दाराला कडुनिंब लावलाय!" आईचा चेहरा काय उजळला म्हणता! साताऱ्यात गुढीपुरती एक डहाळी मिळाली तरी आम्ही खूश असायचो, इथे तर रस्त्याच्या कडेनं झाडंच झाडं. आई म्हणाली, "मग आपणही त्यांच्यासारखंच करू. चांगलं भरगच्च लावू. बघतील तरी की आपलंही तेच आहे." आदल्या दिवशी आई एकेका जाळीतून कुंकू लावून, पाच बोटं दाखवून संध्याकाळचं बोलावणं करून आली. पाडव्याच्या भल्या सकाळी मी वॉचमनला खुणेनं कडुनिंब मागितला. त्यानं माझ्याकडे टक लावून पाहिलं, काठीला कोयता बांधला आणि ही एवढी फांदी तोडून दिली. देताना हात जोडले. किती सभ्य माणूस, असं मला वाटलं.

आमची गॅलरी मागच्या बाजूला, तिथे गुढी कोण बघणार? म्हणून बाबांनी ती पुढे, जिन्याच्या कठड्याला, दाराशेजारी उभारली. आईनं गुढीसाठी नवी साडी आणली होती, हळदीसारखी पिवळीधमक, तांबडे काठ. वर तांब्याचा गडू पालथा, त्याला हळदीकुंकवाची बोटं, गळ्यात मावशीनं पार्सलनं पाठवलेली साखरेची गाठी आणि कडुनिंबाचा घसघशीत झुबका. दाराच्या दोन्ही बाजूंना कडुनिंबाचे गुच्छ, जाळीच्या दाराला वेटोळं, उरलेला कठड्याला. बाबा नमस्कार करून पावणेसातच्या बसला पळाले. मी दोन पायऱ्या खाली उतरून पाहिलं. खरंच सुंदर दिसत होतं.

सेल्वी आठ वाजता आली. दाराशी थबकली, गुढीकडे बघून दोन्ही गालांवर हलकेच बोटं मारून घेतली, आणि आल्यापावली जिना उतरून गेली. "सणाची सुट्टी घेतली असेल," मी म्हटलं. दूधवाल्यानं पिशव्या खालच्या वळणावरच ठेवल्या. वरच्या मजल्यावरची दोन पोरं धडधडत खाली येत होती, त्यांच्या आईनं हिसका देऊन त्यांना मागे ओढलं आणि भिंतीला चिकटवून आमच्या दारावरून नेलं. मी बाहेर डोकावले तर वसंता आंटी जाळीतून इंग्रजीत म्हणाल्या, "इनसाइड, मा, इनसाइड. नो सन." ऊन लागेल म्हणून काळजी करतायत, मला बरंच वाटलं. बारा वाजेपर्यंत आईनं चाळीस पुरणपोळ्या केल्या. मग कैरीची डाळ वाटली आणि तिच्यावर मोहरी-हिंगाची अशी चरचरीत फोडणी ओतली की वास थेट गच्चीपर्यंत गेला असेल.

दुपारी दाराबाहेर काहीतरी टेकवल्याचा आवाज आला. उघडून पाहिलं तर दोन शहाळी. माणूस नाही. अर्ध्या तासानं ताकाची बरणी. मग तांदळाच्या पातळ पेजेची किटली, पानात बांधलेले ताडगोळे, सोललेल्या काकड्या. घंटा कुणी वाजवली नाही. शेवटी आई दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिली. वसंता आंटी आल्या, वाडगा ठेवला, गुढीला हात जोडले आणि मागे मागे सरकत आपल्या घरात गेल्या. आई भिंगापासून वळली. "बघितलंस? आत या म्हणून कुंकू लावून बोलावलं, तर उंबऱ्याबाहेर ठेवून पळतायत. भीक घातल्यासारखं! हात लागला तर बाटतील काय आमच्यानं?" मी म्हटलं, "आई, पाच वाजायचेत अजून." पाच वाजले. आईनं चटई घातली होती, पन्ह्याचे पेले भरले होते, अत्तरदाणी पुसून ठेवली होती. सव्वापाच, साडेपाच. पेल्यांना बाहेरून घाम फुटला आणि वाळला. आई उठली, स्टुलावर चढली, आणि माळ्यावरची मोठी बॅग खाली ओढली. धूळ झटकली आणि माझे कपडे घड्या करून भरायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन भुकेनं नव्हे तर रडू दाबायला एक पुरणपोळी तोंडात कोंबली.

तेव्हाच बाहेरून आवाज आला. मराठीत. "दार उघडलें तरी चालेल. मज लहानपणीं येऊन गेली आहे, मज कांहीं होत नाहीं. पोरीचें आंग कैसें आहे तें सांग. आणि फोडणी कोण करतें गे त्या घरांत? आई आलेल्या घरीं मोहरी तडतडवतें कोणी? सगळ्या जिन्यांत हिंग!"

आईनं दार उघडलं. कठड्याला धरून, गुडघे दुखत असताना दोन जिने चढून आलेल्या सरोजाक्का धापा टाकत उभ्या होत्या. "कुणाचं अंग?" आईनं विचारलं. "मुलीचें," त्या म्हणाल्या, आणि मी गालात पुरण घेऊन बाहेर आले. सरोजाक्कांनी मला जवळ ओढलं, कपाळ बघितलं, बाही वर केली, कानामागे बघितलं. "कोठें आहेत?" "काय?" "कांजण्या गे!"

मग त्या दारासमोर दोन पावलं मागे सरल्या आणि आमच्या दाराकडे बघत त्यांनी आम्हाला ते वाचून दाखवलं. या मुलखात दाराला कडुनिंब बांधला म्हणजे घरात कुणाला तरी कांजण्या आल्या आहेत, म्हणजे देवी, आई, पाहुणी आली आहे. आत कुणी जायचं नाही, आतल्यानं बाहेर पडायचं नाही. त्या घरात फोडणी नाही, तळण नाही, मोठ्यानं बोलणं नाही. शेजाऱ्यांनी थंडावा देणारं काही दाराशी ठेवून यायचं, हाक न मारता, कारण हाक मारली की निघताना निरोपही घ्यावा लागतो, आणि तो घेतला तर आईचा अपमान. "आणि तुम्ही तेवढ्यावर कोठें थांबलां? पिवळें वस्त्र, तांब्या, हळदकुंकूं, वर कडुनिंब! आमच्यांत युगादीस गुढी नाहीं, मज काय ठाऊक? मज वाटलें, महाराष्ट्रांतलीं माणसें केवढीं भाविक, पोरीस कांजण्या आल्या तर आईस साक्षात दारांतच उभी केली!"

तळ्याकाठची ती दोन घरं माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि त्यांतल्या आजारी पोरांवरून मी धावत घरी येऊन केलेला आनंदही. "आई, मीच सांगितलं तुला," मी म्हटलं आणि भोकाड पसरलं. एवढी घोडी झाले होते, पण अक्षरशः भोकाड. आईचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती खाली बसून ताकाची बरणी, किटली, ताडगोळे, काकड्या यांच्याकडे बघत होती. "म्हणजे हे सगळं मनूसाठी?" तिनं विचारलं. "मग कोणासाठीं? वरच्या बाईनें दुपारपासून टीव्ही लावला नाहीं. समोरच्या वसंतेनें आज आपल्या घरींही फोडणी टाळली, वास नको म्हणून. आणि इकडून हिंग!" आई हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते थांबेना. "आक्का, त्या दिवशी मी हसले. फार चुकलं माझं." सरोजाक्का तोऱ्यात म्हणाल्या, "माझी भाषा नाटकांतली, आणि तुझें दार देवळांतलें. फिटलें."

जिन्याच्या कठड्यावरून वाकून त्यांनी तमिळमध्ये खालपासून वरपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग पहिल्या मजल्यावर कुणीतरी फिसकन हसलं, मग वर हसू पसरलं. पण एकही जाळी उघडली नाही. मी म्हटलं, "सांगितलं ना, मग का येत नाहीत?" सरोजाक्का म्हणाल्या, "सांगितल्यानें काय होतें? दारानें एक सांगितलें, मी दुसरें सांगतें. लोक दाराचें ऐकतात. आईस न कळत बोलावली असेल, पण बोलावली. आतां मान देऊन पाठवायची, डोक्यावरून पाणी घालायचें, सगळ्यांनीं पाहिलें पाहिजे." मी घाबरून आईकडे पाहिलं. माझी खात्री होती की आई म्हणेल, हे असलं आपल्यात नाही. आईनं बॅगेकडे एकदा पाहिलं. मग आत गेली आणि मोठं पातेलं घेऊन आली.

सोळाव्या वर्षी मला कपड्यांनिशी इमारतीच्या अंगणात, नळाशेजारी पाटावर बसवलं. सूर्य मावळायला आला होता, गुढी उतरवायची वेळ तीच. आईनं गुढीला हळदकुंकू वाहिलं, गाठी सोडली, साखर ठेवली, आणि सरोजाक्कांनी दारावरचा सगळा कडुनिंब उतरवून त्याचीच पानं हळदीच्या पाण्यात चुरली. बाकी सगळ्या घरांच्या खिडक्यांत डोकी होती. वॉचमन टोपी काढून उभा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आईनं तांब्या उचलला आणि माझ्या डोक्यावर पाणी ओतलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि प्रत्येक वेळी स्वतःशीच म्हणत होती, "आई, सुखानं जा गं. आणि रागावू नको, माझी पोर नवी आहे इथं." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पिवळं पाणी माझ्या डोळ्यांत गेलं, झोंबलं, आणि मी डोळे उघडले तेव्हा आई मला पुसत होती, पदरानं, अगदी लहानपणी पुसायची तशी. पुढे मी कितीतरी इमारती पाहिल्या, त्यांच्याविषयी वाचलं, लोक त्यांच्या कमानी आणि खिडक्यांविषयी किती सुंदर बोलतात ते ऐकलं. पण कुठलंही दार नुसतं दार नसतं, हे मला त्या पाटावर थंडीनं कुडकुडत कळलं, चेन्नईच्या त्या उकाड्यात.

आम्ही वर आलो तेव्हा जाळीची पहिली कडी वसंता आंटींची वाजली. त्या आमच्या घरात आल्या, आईकडे बघितलंही नाही, सरळ माझ्याकडे आल्या आणि ओल्या कपाळावरून अंगठा फिरवून खातरजमा केली. काही नाही म्हटल्यावर माझ्या गालावर एक चापटी मारली, लटक्या रागानं, दिवसभर घोर लावल्याबद्दल. मग वरची आली, तिची पोरं आली, पहिल्या मजल्यावरच्या तिघी आल्या, आणि प्रत्येकीनं आधी माझं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं. आई दाराशी हात जोडून उभी होती. वर्षभर जाळीआडून ऐकलेलं काय काय तिच्यात साठलं होतं कोण जाणे, तिच्या तोंडून तमिळ शब्द बाहेर पडला. "उक्कारुंगो," ती म्हणाली. बसा. एकदा म्हणाली, मग धीर येऊन सगळ्यांना म्हणत सुटली, उक्कारुंगो, उक्कारुंगो. आणि त्या बसल्या. चटई पुरली नाही, पलंग पुरला नाही, दोघी बॅगेवर बसल्या. पुरणपोळी हातात घेऊन वसंता आंटी ओरडल्या, "अय्यो, ही तर बोळी!" आमची पोळी त्यांच्याकडेही होती, नारळाची आणि बेताच्या आकाराची. आमची ही ताटाएवढी पोळी बघून त्यांनी आईला खुणेनं विचारलं की ही उलटते कशी, आणि आईनं त्यांचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात नेलं. सरोजाक्का मध्यभागी बसून आईचं मराठी तमिळमध्ये आणि सगळ्यांचं तमिळ मराठीत करत होत्या, आणि दोन्ही बाजूंना आपल्या मनाचं थोडं मीठ लावत होत्या, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

सातच्या सुमारास मी ओले केस वाळवायला बाहेर आले. बाबा जिन्याच्या वळणावर उभे होते. डब्याची पिशवी हातात, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. आमच्या दाराबाहेर चपलांचा हा ढीग पडला होता, बायकांच्या, पोरांच्या, एकीवर एक, जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत ओघळलेल्या. बाबा त्या चपलांकडे बघत होते. एवढ्या चपला घराबाहेर दिसतात त्या घरात कुणी गेल्यावर, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मग आतून आईचं हसू आलं. मोठ्यानं, साताऱ्यातल्यासारखं. बाबांनी कठडा धरला आणि ते हळूच पायरीवर बसले.

"आत जागा नाही का?" त्यांनी विचारलं.

"पाय ठेवायलाही नाही," मी म्हटलं.

"मग असू दे," बाबा म्हणाले. "मी बसतो इथंच. कुणाला उठवू नकोस."